येऊ दे, येऊ दे, थांब!

ट्रकच्या परीक्षेला मी तोंडात पेन आडवं धरून बसलो होतो, हे खरं आहे. बाकी आमच्या इमारतीत जे सांगितलं जातं, म्हणजे माझी दातखीळ बसली होती, मी मौन धरलं होतं, परीक्षक माझ्या लांबच्या नात्यातले निघाले, ते सगळं साफ खोटं आहे. हे कोण पसरवतं तेही मला माहीत आहे. वरच्या मजल्यावर राहतात. निवृत्त पोस्टमास्तर आहेत. आयुष्यभर लोकांची पाकिटं बंद ठेवून वाटावी लागली, त्याचा वचपा आता काढतात.

म्हणून खरी हकीकत मीच लिहून काढतो. माझं शिक्षण बेताचं, त्यामुळे भाषा कुठे आडवीतिडवी गेली तर जाऊ दे. ट्रकही सुरुवातीला तसाच गेला होता.

मी कागदाच्या एका गोदामात बावीस वर्षं पाठवणीचा कारकून होतो. ट्रक आला की त्याची कागदपत्रं तपासायची, शिक्का मारायचा, आणि मग माल चढवायच्या धक्क्यापाशी उभं राहून ट्रक मागे घ्यायला लावायचा. हात हलवत म्हणायचं, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... थांब!" माझ्या एका 'थांब'वर दहा-दहा चाकं जागच्या जागी थिजायची. घरी माझ्या सांगण्यावरून पंखासुद्धा बंद होत नाही, तेव्हा या शब्दाची मला काय किंमत होती ते समजून घ्या. ड्रायव्हर लोक मला साहेब म्हणायचे. मी त्यांना काय म्हणायचो ते छापण्यासारखं नाही.

मग गोदामात नवी व्यवस्था आली. फाटकावर कॅमेरा, धक्क्यावर एक खांब, आणि खांबावर ट्रक जवळ आला की पीं-पीं करणारं यंत्र. मॅनेजरने मला खोलीत बोलावलं.

"तुमचं काम आता यंत्र करणार," तो म्हणाला.

"यंत्र येऊ दे, येऊ दे म्हणणार?"

"यंत्र पीं-पीं म्हणणार."

"आणि मी?"

"आपल्या ट्रकचा ड्रायव्हर सोडून गेलाय. तेवढी एकच जागा आहे. तीन महिन्यांत अवजड वाहनाचा परवाना आणा, गाडी तुमची. नाही आणलात, तर..." आणि त्याने पेनाला टोपण घातलं.

बावीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला टोपण घालण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

घरी आलो तो पाय आपटतच आलो. "मी सरळ राजीनामा तोंडावर फेकणार आहे," मी जाहीर केलं. वय वर्षं सत्तेचाळीस, कमरेत उसण, आणि हे मला ट्रक चालवायला सांगतात!

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "फेका की," ती म्हणाली. "पण आधी ट्रक शिका. ट्रक येत असताना फेकलात तर त्याला राजीनामा म्हणतील. आत्ता फेकलात तर म्हणतील, घाबरला."

मुलगी कॉलेजात जाते. तिने पुस्तकातून डोकं वर काढलं. "बाबा, तुम्हाला ट्रकमधलं काय येतं?"

"बावीस वर्षं रोज ट्रकच बघतोय मी!"

"मी पण रोज चंद्र बघते," ती म्हणाली आणि परत पुस्तकात गेली.

माझ्याकडे छोट्या गाडीचा परवाना होता. मेव्हण्याने गाडी घेतली तेव्हा हौसेने काढलेला. त्यावर मी मेव्हण्याची गाडी एकूण दोनदा चालवली. दुसऱ्यांदा चालवल्यावर मेव्हणा म्हणाला, दाजी, तुम्ही मागे आरामात बसत जा. तर एवढ्या अनुभवाच्या जोरावर मी अवजड वाहनाकडे वळलो.

बातमी संध्याकाळपर्यंत वर पोहोचली आणि पोस्टमास्तर काड्यापेट्या घेऊन खाली आले. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी चार काड्यापेट्या मांडल्या.

"हे बघा, घाबरायचं काही कारण नाही. ट्रक म्हणजे काय? मोठी मोटार. मोटार म्हणजे काय? छप्पर असलेली स्कूटर. स्कूटर म्हणजे काय? इंजिन लावलेली सायकल. संपलं!"

"तुम्हाला सायकल येते?" बायकोने विचारलं.

"नाही," पोस्टमास्तर म्हणाले. "लहानपणापासून गुडघा."

मग त्यांनी एक काड्यापेटी दुसरीच्या मागे लावून मला वळण कसं घ्यायचं ते दाखवलं. दोन्ही पेट्या टेबलावरून खाली पडल्या. "हे झालं चुकीचं उदाहरण," ते म्हणाले आणि चहा प्यायले.

परवाना कार्यालयाबद्दल मी वाईट लिहिणार अशी तुमची अपेक्षा असेल. माझीही होती. पहिल्या खिडकीने मला तिसरीकडे पाठवलं, तिसरीने पाचवीकडे, आणि पाचवी बंद होती कारण पाचवीवरचा माणूसच पहिलीवर बसत होता. डॉक्टरांच्या दाखल्यात माझी उंची लिहायची राहिली म्हणून परत डॉक्टरकडे. डॉक्टरांनी उंची लिहिली तर वजनाच्या रकान्यात. म्हणजे कागदोपत्री मी एकशे अडुसष्ट किलोचा झालो. तिसऱ्या खेपेला दाखला सरळ निघाला, तेव्हा खिडकीतला कारकून म्हणाला, "शिक्का मारता येणार नाही. पॅड वाळलंय. नवं मागवलंय."

"कधी येईल?"

"ते आलं की कळेल."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. मी आतून पेटलेलोच होतो. पण खरं सांगायचं तर त्या माणसाचा चेहरा मला आरशातला वाटला. अगदी याच थंड आवाजात मी शेकडो ड्रायव्हरांना फाटकाबाहेर उभं केलं होतं. मी मुकाट्याने पिशवी उघडली आणि माझं शाईचं पॅड काढून त्याच्यापुढे ठेवलं. बावीस वर्षांत ते पिशवीत नाही असा एक दिवस गेलेला नाही. काही लोक रुमाल बाळगतात, मी पॅड बाळगतो.

त्याने पॅडकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही पण खात्यातले?" त्याने हळूच विचारलं.

"गोदाम. पाठवणी."

त्याने एका दमात माझ्या चार कागदांवर शिक्के मारले, वर एक फॉर्म स्वतः भरून दिला. मला आभार मानायची सवय नाही, मानताना हिरड्या दुखतात. पण त्या माणसाचे मानले. पॅड त्याच्याकडेच ठेवलं.

असा मी ट्रक शिकवणाऱ्या शाळेत पोहोचलो. शाळा म्हणजे एक मोकळं मैदान, एक जुना ट्रक, वाळू भरलेले नऊ पत्र्याचे ड्रम आणि एक शिक्षक. शिक्षकाला सगळे उस्ताद म्हणायचे. वय साठीच्या पुढे, पांढऱ्या मिशा, आवाज इतका मऊ की इंजिन चालू असलं तर पुढे वाकून ऐकावं लागे. ट्रकच्या सावलीत ते पाठमोरे बसले होते. ते वळले आणि मी त्यांना ओळखलं.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. हा माणूस कागदाची रिळं घेऊन आमच्या फाटकावर आला होता. त्याच्या कागदांच्या तीन प्रतींपैकी एकीवर शिक्का नव्हता. चूक त्याची नव्हती, पाठवणाऱ्यांची होती, आणि माझ्या मनात असतं तर एका फोनवर मिटली असती. पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं होतं. कशावरून ते आता आठवतसुद्धा नाही. मी त्याला सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत उन्हात उभं केलं. हा लक्षात राहिला तो भांडला नाही म्हणून. बाकीचे शिव्या देतात, मग आपणही देतो, हिशेब सरळ होतो. हा नऊ तास एक शब्द बोलला नाही. फडकं घेऊन गाडी पुसत बसला. सहा वाजता येऊन एवढंच म्हणाला, "साहेब, झालं का?"

आता तोच माणूस माझ्यासमोर उठून उभा राहिला. "या साहेब," तो म्हणाला. "बसा."

साहेब! मी मनात म्हटलं, मेलो. ओळखलंय. आता हा तीन महिने माझी सालं काढणार. मॅनेजरची मुदत, गावातली ट्रकची ही एकमेव शाळा, आणि मी याच्या हातात.

मी घाईघाईने ट्रकमध्ये चढलो. उस्ताद खाली उभे राहून शांतपणे वाट बघत होते. जरा वेळाने म्हणाले, "साहेब, स्टिअरिंग त्या बाजूला असतं."

पहिले काही दिवस कसे गेले ते सांगत नाही, इज्जतीचा प्रश्न आहे. क्लच दाबायला माझा एक पाय पुरत नव्हता, म्हणून मी दुसरा मदतीला नेत होतो, आणि दुसरा ब्रेकवर लागत होता. गिअर पडताना असा आवाज यायचा की मैदानाच्या कडेची माणसं मागे वळून बघायची. पण उस्ताद एकदाही चढ्या आवाजात बोलले नाहीत. मी रोज वाट बघायचो, आज काढतील विषय, आज काढतील. ते म्हणायचे, "साहेब, पुन्हा." बस्स. मला तर वाटायला लागलं की हा सूडाचा जास्त वरचा प्रकार आहे.

महिन्याभरात मी पुढे बरा जायला लागलो. वळणं जमली. चढावर गाडी उभी करून परत उचलणं जमलं. माझी छाती फुगली. आणि मग मागे घ्यायचा धडा सुरू झाला.

ड्रमांच्या दोन रांगा, मधून ट्रक उलटा न्यायचा, टोकाला मधोमध ठेवलेल्या शेवटच्या ड्रमापासून हातभर अंतरावर उभा करायचा. मी म्हटलं, हे तर माझं खातं! बावीस वर्षं हेच केलंय! मी रिव्हर्स टाकला, खिडकीतून अर्धं धड बाहेर काढलं, मागे बघितलं आणि सुरू झालो: "येऊ दे, येऊ दे, येऊ दे..." ट्रक झकास सरळ जात होता. "येऊ दे, येऊ दे... थांब!"

ट्रक थांबला नाही.

"थांब!" मी ओरडलो. "थांब म्हणतोय ना! कान फुटले का रे? थांब!"

धडाम्. शेवटचा ड्रम आडवा झाला, त्याच्या मागचा खांब वाकला, तेव्हा कुठे इंजिन बंद पडलं. असा मठ्ठ ड्रायव्हर मी जन्मात पाहिला नव्हता.

उस्ताद माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, "साहेब, कोणाला सांगत होता?"

"ड्रायव्हरला!"

उस्तादांनी केबिनमध्ये सगळीकडे पाहिलं. मागच्या फळीवर पाहिलं. वाकून सीटखाली पाहिलं. "दिसत नाही," ते म्हणाले.

हा माझा रोग होता, आणि तो दुसऱ्या कोणत्याही माणसाला झाला नसता. बावीस वर्षं माझं काम ओरडायचं होतं आणि ब्रेक मारायचं काम दुसऱ्याचं. मान मागे वळली की माझं तोंड आपोआप सुरू व्हायचं, आणि 'थांब' म्हटलं की माझ्या दृष्टीने काम संपलेलं असायचं. पाय निवांत! तो वाट बघायचा, कुणीतरी ब्रेक मारेल. रोज तेच. नऊ ड्रमांपैकी सहा चेपले.

परीक्षेचा दिवस आला तेव्हा अडीच महिने उलटले होते. पुढे जाण्याचं सगळं मी बिनचूक केलं. परीक्षक साहेब आमच्याच मैदानावर ड्रमांच्या रांगेच्या टोकाशी खुर्ची टाकून बसले होते. मी मागे यायला लागलो. "येऊ दे, येऊ दे... थांब!"

साहेब वेळेवर उठले, हे माझं नशीब. खुर्ची उठली नाही. तिचे चारही पाय चार दिशांना गेले. माझ्या कागदावर साहेबांनी शेरा लिहिला: 'अनुत्तीर्ण. उमेदवार स्वतःला आज्ञा देतो व स्वतःच पाळत नाही.' हा शेरा मी घरी दाखवला तेव्हा बायको म्हणाली, "या साहेबांना मी एकदा भेटणार आहे. वीस वर्षं मला जे सांगता आलं नाही ते त्यांनी एका ओळीत लिहिलं."

फेरपरीक्षा पंधरा दिवसांनी. मॅनेजरची मुदत सोळाव्या दिवशी संपत होती. एकच संधी होती.

मी त्या दिवशी जेवलो नाही. बायकोने जेवणाचं पान झाकून ठेवलं आणि समोर येऊन बसली. तिने कधी नव्हे तो पंखा बंद केला. "हे बघा," ती म्हणाली, "पायाला सवय नाही ना? लावू या सवय. 'थांब' म्हटलं की उजवा पाय खाली. मी म्हणत जाते."

आणि घरात शाळा सुरू झाली. मी आंघोळीला निघालो की बायको ओरडणार, "थांब!" मी पाय आपटणार. पेपर वाचताना मुलगी, "थांब!" धाड्. चहाचा कप तोंडाशी नेताना, "थांब!" धाड्, आणि चहा सदऱ्यावर. बाहेरचे लोक काय म्हणतील? लग्नाला तेवीस वर्षं झाली, बायकोने मला कधी अरेतुरे केलं नव्हतं. आता दिवसातून शंभर वेळा नुसतं 'थांब' म्हणत होती, आणि मला स्पष्ट दिसत होतं की तिला त्यात मजा वाटतेय.

खालच्या मजल्यावर शिंपीणकाकू राहतात. चौथ्या दिवशी त्या टेप गळ्यात घालून वर आल्या. "काय चाललंय काय? एक शिवण सरळ येईना माझी! छतातून माती पडतेय!" बायकोने त्यांना सगळं सांगितलं. काकू ऐकत राहिल्या, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "थांब!" मी पाय आपटला. "लागलीये हो सवय," त्या समाधानाने म्हणाल्या आणि खाली गेल्या.

लागली होती, आणि तीच नडली. भर चौकात रस्ता ओलांडताना एक बाई आपल्या कुत्र्याला म्हणाली, "थांब!" कुत्रा थांबला नाही. मी थांबलो. रस्त्याच्या मधोमध, उजवा पाय रोवून. दोन्हीकडून भोंगे वाजायला लागले. एका रिक्षावाल्याने माझ्याबद्दल जे उद्गार काढले ते मी पूर्वी ड्रायव्हरांबद्दल काढायचो त्याहून सरस होते.

हे पोस्टमास्तरांना कळलं. त्यांनी काय करावं? इमारतीच्या जिन्यात स्वतःच्या सुवाच्य अक्षरात सूचना लावली: 'रहिवाशांना विनंती. पुढील अकरा दिवस जिन्यात कोणीही थांब असे म्हणू नये. जरा उभे राहा असे म्हणावे. सहकार्य अपेक्षित.' माझी लाज गेली ती गेलीच. पण मी खोटं लिहिणार नाही: सगळ्या इमारतीने ते पाळलं. शाळेला निघालेल्या पोरांना आया जिन्यातून हाका मारत होत्या, "अरे, जरा उभे राहा!" मी दाराआड उभा राहून ऐकत होतो.

मैदानावर मात्र वाटोळं. मी ट्रक सरळ पुढे नेत होतो, उस्ताद शेजारी थर्मासच्या झाकणातून चहा पीत होते. कुंपणापलीकडून कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, "थांब!" माझा पाय खाली. सगळा चहा उस्तादांच्या मांडीवर.

उस्तादांनी पँटकडे पाहिलं. गरम होता. पण आवाज तसाच. "साहेब," ते म्हणाले, "आधी तुम्ही सांगून थांबत नव्हता. आता कुणीही सांगितलं की थांबता. या गाडीत तुम्ही स्वतः आहात कुठे?"

परीक्षेला पाच दिवस उरले होते. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. सत्तेचाळीसाव्या वर्षी पोरीला काय तोंड दाखवू, हे मी मोठ्याने बोललो की मनात, माहीत नाही.

उस्तादांनी माझ्या खिशातलं पेन काढलं. गोदामाचं निळं पेन, बावीस वर्षांच्या सवयीने खिशात असायचं. "हे घ्या. आडवं धरा दातात."

"कशाला?"

"इतकी वर्षं याच्या जोरावर ओरडलात. आता ओरडायचं नाही. मागे मान वळवायची नाही. दोन आरसे आहेत, दोन डोळे आहेत. जे दिसेल ते पायाला सांगा. मधे तोंड नको."

याच्या जोरावर ओरडलात! म्हणजे आठवत होतं. सगळं आठवत होतं. मी पेन दातात धरलं.

त्या दिवशी पहिल्यांदा मला ट्रक ऐकू आला. इतके दिवस मी माझाच आवाज ऐकत होतो. आरशात ड्रम हळूहळू मोठा होत होता, घशात 'थांब' चढत होता, दात पेनात रुतत होते, आणि जायला वाटच नसल्यामुळे तो शब्द खाली खाली उतरत पायात गेला. ट्रक उभा राहिला. ड्रमापासून चार हात अलीकडे, पण उभा राहिला. उस्ताद म्हणाले, "पुन्हा."

शिंपीणकाकूंनी त्यांचा उभा आरसा वर पाठवला, गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायचा. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला कपाटाचा. मधे खुर्चीवर मी, तोंडात पेन. मुलगी मागून आवाज न करता स्टूल सरकवत आणायची आणि हातभर अंतरावर आलं की मी पाय दाबायचा. पोस्टमास्तर अंतर मोजायला फूटपट्टी घेऊन बसायचे. एक हात म्हणजे नेमके किती इंच यावर त्यांचा आणि बायकोचा रोज वाद व्हायचा.

पंधराव्या दिवशी मी परीक्षेला उभा राहिलो. या खेपेला साहेबांनी खुर्ची आणली नव्हती. ते एका जाड झाडामागे उभे होते.

"नाव?"

"अँअँ."

"तोंडात काय आहे?"

मी पेन काढलं. "पेन, साहेब."

"ते कशाला?"

उस्ताद पुढे झाले. "साहेब, तो त्यांचा ब्रेक आहे."

साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं आणि बराच वेळ पानं उलटली. मोबाइलला मनाई होती, मद्याला मनाई होती, खिडकीबाहेर हात काढायला मनाई होती. पेनाबद्दल चकार शब्द नव्हता. "हं," ते म्हणाले. "सुरू करा." आणि परत झाडामागे गेले.

मी मागे आलो. डावा आरसा, उजवा आरसा, डावा, उजवा. कुंपणाबाहेर बायको आणि मुलगी उभ्या होत्या, दोघींनी आपापल्या तोंडावर हात दाबून धरले होते. ड्रम आरशात आला. मोठा झाला. 'थांब' वर चढला, दातांखाली प्लॅस्टिक करकन् चिरलं, आणि पाय खाली गेला.

साहेब झाडामागून आले, वाकले, ड्रम आणि ट्रक यांच्यामध्ये त्यांनी आपला हात घालून पाहिला. बरोबर एक हात. कागद बोनेटवर ठेवून ते सही करायला गेले तर त्यांचं पेन चालेना. त्यांनी दोनदा झटकलं. मग माझ्याकडे हात केला.

मी तोंडातलं पेन सदऱ्याला पुसून दिलं. माझ्या दातांचे ठसे असलेल्या त्या पेनाने साहेबांनी लिहिलं: 'उत्तीर्ण.' दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या टेबलावर मी परवाना ठेवला आणि शेजारी ते पेन. टोपण इतकं चिरलंय की आता ते पेनाला बसतच नाही. राजीनामा फेकायचं राहूनच गेलं.

परीक्षेच्या दिवशी मैदानावरून सगळे निघाल्यावर मी उस्तादांपाशी थांबलो होतो. ते चेपलेले ड्रम मोजत होते.

"उस्ताद," मी म्हटलं, "सात वर्षांपूर्वीचा तो दिवस तुम्हाला पहिल्यापासून आठवत होता ना?"

"आठवतो ना. त्या दिवशी मी चाकांचे सगळे नट पुसले. काय चमकले होते!"

"मग मला का शिकवलंत?"

ते ड्रमावर बसले. "त्या दिवशी उन्हात बसून मी एकच गोष्ट मागितली होती. म्हटलं, या माणसाला एकदा स्टिअरिंगमागे बसलेलं बघायचंय." ते मिशीत हसले. "मागितली तेव्हा रागात मागितली होती. मिळाली तेव्हा राग राहिला नव्हता. मग काय करणार? शिकवलं."

मी त्यांचे पाय धरणार होतो. ते म्हणाले, "कंबर सांभाळा, ड्रायव्हर." साहेब म्हणाले नाहीत. मला एवढा मोठा हुद्दा आजवर कुणी दिलेला नाही.

पुढच्याच आठवड्यात माझी पहिली फेरी. दुसऱ्या एका गोदामाच्या फाटकावर पोहोचलो. तिथल्या कारकुनाने माझे कागद घेतले, चाळले, आणि एका प्रतीवर बोट ठेवलं. "यावर शिक्का नाही. बाहेर थांबा."

शिक्का आमच्याच लोकांनी मारला नव्हता. माझं डोकं तडकलं. खिडकीतून वाकून मी तोंड उघडलंसुद्धा. आणि मग मिटलं. फडकं काढलं आणि चाकाचे नट पुसायला बसलो. बत्तीस असतात. कारकून असताना मला हा आकडा माहीत नव्हता.

अडीच तासांनी फाटक उघडलं. कारकून धक्क्यापाशी मागे उभा राहिला, एका हातात मोबाइल, दुसऱ्याने हवेत काहीतरी ढवळत. "येऊ दे, येऊ दे," तो मोबाइलमध्ये बघत म्हणत होता. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे..."

धक्का आरशात मोठा होत होता. तो म्हणतच होता, "येऊ दे, येऊ दे..."

मी ब्रेक मारला. धक्क्यापासून एक हात.

कारकुनाने मोबाइलमधून मान वर काढली. त्याने अंतर पाहिलं, मग चिडून माझ्या खिडकीपाशी आला. "मी कुठे थांब म्हटलं होतं?"

"नाही म्हटलंत, साहेब," मी म्हणालो.